माझा मंजूर झालेला अर्ज नामंजूर करण्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब (बांधकाम),
पाथरखण कामगार वसाहत योजना,
कोल्हापूर.

अर्जदार : सौ. विजयमाला बाळासो खोत, बी. ए., वय २४, धंदा घरकाम, राहणार पाथरखण वसाहत, ओळीतले शेवटचे घर, कोल्हापूर.

विषय : वसाहतीमागील दगडी भिंतीची छिद्रे बुजवण्याचा माझा अर्ज आपण मंजूर केल्यामुळे भिंतीने पोट काढल्याबाबत, व तिच्यावर येत्या शुक्रवारी सुरू होणारा सिमेंटचा गिलावा थांबवण्याबाबत.

संदर्भ : १) माझाच अर्ज, दि. २२ मे १९७८.
२) त्यावरील आपला मंजुरीचा हुकूम.
३) मिस्त्री नबीलाल यांना आपल्या कचेरीने दिलेली 'कारणे दाखवा' नोटीस.

महोदय,

१. अर्जदार सविनय कळवते की, हे सर्व तिने आपल्या कचेरीत समक्ष येऊन तोंडी सांगण्याचा प्रयत्न केला होता. बाहेरच्या टेबलावरचे लेखनिक म्हणाले, "बाई, मंजूर झालेला अर्ज मागं घ्यायची सोय न्हाय. नामंजूर झाला असता तर अपील करता आलं असतं. तुमचं काम झालंय की! पेढे वाटा." अर्जदार तरीही उठेना, तेव्हा त्यांनी लेखी द्यायला सांगितले. वर असेही सांगितले की अर्जात मी-मी करू नये, 'अर्जदार' असे लिहावे, साहेबांना तसे आवडते. साहेबांना काय आवडते हे अर्जदाराला ठाऊक नाही. परंतु पुढे जे लिहायचे आहे ते 'मी' म्हणून लिहायला तिचा हात उचलत नव्हता, त्यामुळे हा सल्ला तिने लगेच मानला.

२. पाथरखण वसाहत ही जुन्या दगडाच्या खणीत, तळाला, एका ओळीत बांधलेली आहे. आपणच बांधली आहे, तेव्हा अधिक सांगणे नको. घरांच्या मागच्या दारासमोर खणीचा काळा कातळ उभा आहे आणि कातळावर मुरूम व तांबडी माती आहे. ती माती खाली येऊ नये म्हणून कातळाच्या डोक्यावरून आपल्या खात्याने दगडी भिंत घातली. भिंतीचे काम मिस्त्री नबीलाल यांनी केले. या भिंतीत, कातळाला लागून खालच्या अंगाला, ओळीने मुठीएवढी भोके ठेवलेली होती. हात वर करून टाचा उंचावल्या की बाईमाणसाचा हात तेथे पुरतो. शिरोलीच्या कारखान्यांत कामाला असलेल्या माणसांची बिऱ्हाडे चैत्रात येथे राहायला आली, त्या वेळी प्रत्येक घराच्या वाट्याला एक खोली, एक स्वयंपाकघर, एक मोरी आणि मागे एक भोक आले, असे म्हणण्यास हरकत नाही. अर्जदाराचे यजमान तेथे फौंड्रीत साचे करण्याच्या कामावर आहेत.

३. वैशाखात एके सकाळी अर्जदाराच्या मागच्या दारासमोरील भोकातून सापाची कात लोंबताना दिसली. अर्जदाराची मुलगी, घरात जिला बेबी म्हणतात, ती त्या वेळी नुकती रांगू लागली होती आणि बरोबर त्या भोकाखालीच मातीचे खडे तोंडात घालत बसली होती. अर्जदाराने तिला उचलले, आत नेऊन दार लावले, आणि मग स्टुलावर चढून हाताला लागेल ती चिंधी त्या भोकात कोंबली. ही चिंधी म्हणजे मोरीचा बोळा होता. आपल्या घरी पद्धत आहे किंवा नाही हे माहीत नाही, परंतु आमच्या वसाहतीत झुरळे आणि घुशी येऊ नयेत म्हणून निजण्यापूर्वी मोरीच्या भोकाला चिंधी लावतात आणि सकाळी काढतात. भोक दिसले की बाईच्या हाताला चिंधी आठवते. यात विचार करण्यासारखे काही आहे असे अर्जदाराला तेव्हा वाटले नाही.

शेजारच्या झुंबरबाई, ज्यांना सारी वसाहत मावशी म्हणते, त्यांनी ते पाहिले. "पोरी, तुझ्याकडं कात निघाली म्हंजे माझ्याकडं अख्खा देव बसला असंल की," असे म्हणून त्यांनी आपल्या मागच्या भोकात पोत्याचा तुकडा घातला आणि त्यावर हळदीकुंकूही वाहिले. म्हणजे देव असलाच तर त्याने रागावू नये, आणि बाहेरही येऊ नये. दिवस मावळेपर्यंत सगळ्या ओळीच्या भोकांना बोळे लागले होते.

४. दोन दिवसांनी मिस्त्री नबीलाल भिंतीची एक बाजू पुरी करायला आले. त्यांनी बोळे पाहिले आणि काही न विचारता पहारीच्या टोकाने एकेक उपसून खाली फेकायला सुरुवात केली. आम्ही बायका जमलो. अर्जदाराने पुढे होऊन, आपण शिकलेल्या आहोत हे कळेल अशा बेताने, "मिस्त्री, ही भोके आपण बंद का करत नाही?" असे विचारले. मिस्त्री वरूनच ओरडले, "बाई, ही भिंत हाय, घागर न्हवं! माणसाला लागतंय तसं भिंतीला बी लागतंय की!" काय लागते, तेही त्यांनी सांगितले. तो शब्द या अर्जात लिहिता येत नाही. लहान मुलांच्या बाबतीत त्यालाच आपण 'शू' म्हणतो, एवढे कळवणे पुरेसे आहे. वर त्यांनी असेही सुनावले की तुमच्या नवऱ्यांना आठवडाभर कोंडून बघा, काय फुगतंय ते कळंल.

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. अर्जदार मात्र हसली नाही. तिला फार अपमान वाटला. साहेब, येथे नमूद करणे अवश्य आहे की मिस्त्रींनी त्या दोन वाक्यांत सर्व काही सांगितले होते. भिंतीमागे पाणी येते, त्याला वाट लागते, वाट नसेल तर भिंत फुगते. त्यांनी तो एक शब्द वापरला नसता तर अर्जदाराच्या कानी उरलेला अर्थ पडला असता की नाही, हे ती आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

५. मिस्त्री गेल्यावर आम्ही बोळे पुन्हा कोंबले, आणि त्याच दुपारी, बेबीला निजवून, अर्जदाराने संदर्भ १ चा अर्ज लिहिला. त्यात पुढीलप्रमाणे मजकूर होता : "सदर भिंतीत मिस्त्रीने हलगर्जीपणाने जागोजागी भगदाडे सोडली असून त्यांतून विषारी नाग राजरोस ये-जा करतात व वसाहतीतील असंख्य बालकांचे प्राण कंठाशी आले आहेत. तरी भिंतीत एकही छिद्र राहू नये अशी कायमची व्यवस्था व्हावी आणि स्त्रियांशी असभ्य भाषेत बोलणाऱ्या मिस्त्रीस समज द्यावी." हा मजकूर लिहून झाल्यावर अर्जदाराने तो मोठ्याने वाचला होता. कॉलेज सुटले, लग्न झाले, तेव्हापासून लंगोट धुता धुता हातून पुन्हा असे काही उतरेल असे तिला वाटले नव्हते. खरे सांगायचे तर तिला फार बरे वाटले.

त्या मजकुरात खरे किती होते, ते आता लिहून देते. विषारी नाग कोणी पाहिला नव्हता. अर्जदाराने पाहिली ती वीतभर कात होती आणि झुंबरमावशींनी नंतर आपल्या भोकाशी पाहिलेली शेपटी ही त्यांच्याच सांगण्याप्रमाणे दोरीही असू शकेल. असंख्य बालके म्हणजे आमच्या ओळीतली पोरे, एका चटईवर मावतील एवढी. भगदाडे म्हणजे वर सांगितलेली भोके. अर्जात जोर यावा म्हणून तसे लिहिले होते.

याहून एक गोष्ट अधिक आहे. अर्जाखाली सह्या घेताना मधल्या घरातील हाफिजाने सही दिली नाही. ती म्हणाली, "वैनी, नबीलालमामू माझ्या आईच्या नात्यातले. तोंडानं फाटके हाईत, पर हातानं न्हाईत. मला यात नगा घालू." अर्जदार बरे म्हणाली, आणि घरी येऊन अर्जाच्या शेवटी "वसाहतीतील सर्व रहिवासी" असे लिहिले. 'सर्व' या शब्दात हाफिजा गेली. तिला हे कळले. दुसऱ्या दिवशी बेबीसाठी उकडलेला बटाटा घेऊन आली, नेहमीसारखीच.

६. आपल्या कचेरीत अर्ज पडून राहतात असा लोकांचा समज आहे. तो किती खोटा आहे हे अर्जदाराइतके कोणाला माहीत नाही. सिमेंटच्या एका पोत्यासाठी लोक परवान्याच्या रांगेत म्हातारे होतात अशा दिवसांत, पावसाच्या आत, आमच्या भोकांसाठी सिमेंट आले. ओव्हरसियर साहेब स्वतः हुकूम घेऊन आले आणि काम करायला त्यांनी मिस्त्री नबीलालांनाच लावले. मिस्त्री म्हणाले, "साहेबाचा हुकूम, बाईचा अर्ज. आपलं काय जातंय?" आणि मग त्यांनी रागाने असा काही भरणा केला की त्याला तोड नाही. आतील चिंध्या काढण्याचीही तसदी घेतली नाही. चिंधीवर खडी, खडीवर सिमेंट, वर तासून गुळगुळीत. मिस्त्रींना कळत होते आणि त्यांनी ते केले, हा त्यांचा दोष आहेच. परंतु त्यांना तसे करायला लावणारे कागद दोन होते आणि त्यांतला पहिला कोणाचा, हे आपणांस माहीत आहे. त्या दिवशी आम्ही बायकांनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. हाफिजाने दिला.

७. पाऊस लागला. खणीच्या वरच्या माळावरचे पाणी मुरमात मुरू लागले. आषाढात बायका नदीचं नवं पाणी घेऊन टेंबलाई देवीला वाहायला निघाल्या, पिपाणी-ढोलाचे पी-ढबाक वाजत गल्लीबाहेर गेले, आणि बेबीला ताप होता म्हणून अर्जदार एकटीच मागे राहिली. त्या दिवशी वसाहत इतकी शांत होती की मागच्या दारी थेंब ठिबकल्याचा आवाज ऐकू येत होता. पाहते तो भिंतीच्या डोक्यावरून, जेथून कधी पाणी येत नसे तेथून, तांबडे पाणी ओघळत होते. खालून मात्र भिंत कोरडी ठणठणीत. अर्जदाराला तेव्हाही बरेच वाटले. तिच्या मनात आले, काम चोख झाले आहे.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी मोरीतला बोळा काढायचा राहिला. अर्जदार बेबीचे कपडे धूत होती, लक्ष नव्हते. पाणी मोरीत साचले, उंबऱ्यापर्यंत आले, आणि मग उंबरा ओलांडण्याऐवजी फरशीच्या सांध्यातून वर आले. शहाबादी फरशी एका अंगाने उचलून हलू लागली. अर्जदाराने घाईने हात घालून बोळा ओढला आणि ती ओली चिंधी हातात धरून तशीच मागच्या दारात उभी राहिली. समोर भिंत होती. तिलाही आम्ही बोळा घातला होता, आणि तो सकाळी काढायचा असतो हे कोणाच्या लक्षात नव्हते.

त्या दिवसापासून अर्जदार भिंत पाहू लागली. भिंत पोट काढत होती. अर्जदाराच्या घरामागे नाही. तेथे ती आजही ओळंब्यात आहे. तिचे पोट बरोबर हाफिजाच्या घरामागे सुटले होते, जिने सही दिली नव्हती. दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, उकलल्या होत्या. त्यांत अर्जदाराने आधी काजळाची रेघ मारून पाहिली, ती पावसाने गेली. मग हाफिजाच्या न्हाणीच्या पत्र्याच्या आडोशाला भेगेवर कणकेची पट्टी लिंपली. ती वाळून दगडासारखी झाली आणि दुसऱ्या दिवशी मधोमध तडकलेली निघाली. वाळल्यामुळेच तडकली असेल म्हणून घराच्या धड भिंतीवर तशीच एक पट्टी लावून ठेवली होती. ती शाबूत राहिली. तेव्हापासून अर्जदार रोज कणीक मळताना एक गोळा बाजूला काढते. पट्टी तडकली नाही असा दिवस अजून आलेला नाही.

८. अर्जदाराने हे यजमानांना सांगितले. ते म्हणाले, "आमी साच्याला वारा जायला भोकं पाडतोय. न्हाई पाडली तर लोखंडाचा रस उसळतो, माणसं भाजत्यात. त्यातलंच हाय हे." अर्जदाराने विचारले, मग अर्ज लिहिला तेव्हा का नाही सांगितले? ते म्हणाले, "तू इचारलंस कुठं? वाचून दावलास. मी म्हटलं, अक्षर झाक हाय."

झुंबरमावशींना सांगितले, तर त्या भडकल्या. "आधी बुजवा म्हणून तूच लिवलंस, आता उघडा म्हणून तूच नाचतीस. आमी अंगठं तुझ्या नावानं लावायचं का देवाच्या?" त्यांचे म्हणणे असे की नागपंचमी तोंडावर आली आहे, त्या दिवसांत भुई खणत नाहीत, भोसकत नाहीत, साधे विळीवर चिरतसुद्धा नाहीत, आणि त्यांच्या मागच्या बुजलेल्या भोकाशी तर आता रोज दूध आणि लाह्या पडत होत्या. अर्जदाराच्या एका अर्जाने देव आत बसला होता, तो दुसऱ्या अर्जाने बाहेर कसा काढायचा, असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

हाफिजाने शेवटी ऐकून घेतले. तिची सासू अंथरुणाला खिळलेली आहे आणि तिचे अंथरूण घराच्या मागच्या भिंतीलाच लागून आहे. ती फक्त म्हणाली, "म्हातारीला कुठं हलवू वैनी? ती उचलली की रडती." अर्जदार त्यानंतर तिच्या डोळ्यांकडे न पाहता बोलते.

९. आपले ओव्हरसियर साहेब पाहणीसाठी आले. अर्जदाराने त्यांना कणकेची पट्टी दाखवली. ते म्हणाले, "बाई, चपात्या घरात करा." त्यांनी वर चढून न पाहता ठरवले की मिस्त्रीने भिंतीत चुना-सिमेंट कमी घातले. मिस्त्री नबीलाल यांना कामावरून काढले आणि नोटीस दिली. वास्तविक भिंतीचे दगड, दर्जा, जाडी यांत काही खोट असती तर ती आजपर्यंत एवढे पाणी पोटात घेऊन उभी राहिली नसती, एवढे अर्जदाराला कळते. ओव्हरसियर साहेबांनी उपायही सांगितला. भिंतीला बाहेरून, डोक्यापासून पायापर्यंत, जाड गिलावा. कशासाठी, असे विचारता त्यांनी फायलीतला कागद काढून अर्जदारालाच वाचून दाखवला : "भिंतीत एकही छिद्र राहू नये अशी कायमची व्यवस्था व्हावी." ते म्हणाले, "तुमचीच मागणी हाय. साहेबांना ही ओळ लई आवडली."

साहेब, ती ओळ अर्जदारालाही आवडली होती. म्हणूनच विनंती आहे की ती फायलीतून फाडून टाकावी.

डोक्यावरून आणि वरच्या उकललेल्या दर्जांतून ओघळणारे पाणी ही आता त्या भिंतीची एकच उरलेली वाट आहे. शुक्रवारी गिलावा होऊन ती बंद झाली, की भिंतीला जायला दुसरी कोणतीही जागा राहणार नाही. ती हाफिजाच्या घरात जाईल.

१०. तरी अर्जदाराची मागणी पुढीलप्रमाणे आहे. दि. २२ मे १९७८ चा अर्ज खोटा समजावा व नामंजूर करावा. शुक्रवारचा गिलावा रद्द करावा. सर्व भोके सिमेंट फोडून, चिंध्या काढून, आरपार मोकळी करावीत आणि वरच्या माळावर पाणी वळवण्यासाठी चर खणावा. हे काम मिस्त्री नबीलाल यांच्याच हातून करून घ्यावे, कारण कोणत्या भोकात किती खोल काय कोंबले आहे हे त्यांनाच माहीत आहे. त्यांच्यावरील नोटीस मागे घ्यावी. नोटीस एकदा निघाली की ती कोणावर तरी बजावावी लागते असे लेखनिकांकडून समजले. तसे असल्यास ती अर्जदाराच्या नावे वळवावी. पत्ता वर दिला आहे. अर्जदार दिवसभर घरीच असते.

बायकांशी असभ्य बोलल्याबद्दल मिस्त्रींना समज द्यावी, ही मागणीही अर्जदार मागे घेते. भिंतीबद्दल बोलायला याहून सभ्य शब्द तिने पुष्कळ शोधला. तेवढ्याच वेळात कळणारा दुसरा सापडला नाही.

११. हा अर्ज येथवर परवा लिहून झाला होता. काल, मंगळवारी, नागपंचमी होती. अर्ज घेऊन आपल्या कचेरीत येण्यासाठी पातळ बदलले, तेवढ्यात हाफिजाच्या घरून हाक आली. सकाळची कणकेची पट्टी तडकली नव्हती. ती पडली होती, कारण तिच्याखालचा दगड दर्जेतून बोटभर पुढे आला होता. अशा सणाच्या दिवशी कचेरी कोणाला विचारील, आणि विचारले तरी शुक्रवारच्या आत माणूस कोण पाठवील?

येथून पुढे 'अर्जदार' असे लिहून भागत नाही. जे केले ते मी केले.

मी आधी झुंबरमावशींकडे गेले. त्या पुरणाची दिंडे उकडत होत्या. मी म्हणाले, मावशी, सगळी पोरं आणि हाफिजाची म्हातारी रेशन दुकानाच्या पडवीत नेऊन बसवा. त्या म्हणाल्या, "आन तू?" मी म्हणाले, मी भोसकणार आहे. आज. पाप लागलं तर माझ्या एकटीला लागू दे, माझ्याकडं आधीचं आहेच. मावशींनी चूल विझवली आणि म्हणाल्या, "बेबीला इकडं दे."

मौलाली, म्हणजे हाफिजाचा नवरा, जाऊन मिस्त्रींना बोलावून आणतो म्हणाला. मिस्त्री आले. त्यांनी आधी पोट पाहिले, मग मला पाहिले आणि म्हणाले, "फुगलेल्या जागी हात लावायचा न्हाय. कडंनं, धड जागंवरनं सुरू करायचं." मग पहार पुढे करून विचारले, "पर मला कामावरनं काढलंय. सरकारी भिंतीला हात लावला तर उद्या आत घालत्याल. हाय का कुनाचा अर्ज?" ते हसत होते, पण भिंतीला स्वतः हात लावत नव्हते, आणि त्यांचे चुकत नव्हते. मी पहार घेतली. माझ्या घरामागच्या भोकाशी, जेथे पहिली चिंधी मी घातली होती, तेथे स्टूल ठेवून चढले. कोठे आणि किती तिरके मारायचे ते मिस्त्री खालून सांगत होते. त्यांचा तो शब्द त्यांनी पुन्हा वापरला. या वेळी मला तो नीट ऐकू आला.

सिमेंट फुटायला फार वेळ लागला. माझे हात सोलले. मग पहार एकदम आत गेली आणि मिस्त्री ओरडले, "बाजूला व्हा!" पाणी आले ते बारीक नव्हते. हातपंपाच्या तोंडासारखे, तांबडे, जोराने आले आणि त्याच्याबरोबर खडी आली, आणि मग ती चिंधी आली. नाग आला नाही. झुंबरमावशींनी पडवीतून पाहिले आणि लांबूनच लाह्या उडवल्या.

एक भोक उघडले म्हणून पोट गेलेले नाही. पाणी अजून वाहते आहे, आज सकाळपर्यंत गढूळच आहे. मिस्त्री म्हणतात, बाकीची भोके कडेकडून आत, एकामागून एक, बेताने उघडायला हवीत आणि ते माझ्या अर्जावर होण्यासारखे काम नाही, आपला हुकूम हवा. तोवर आमची ओळ रेशन दुकानाच्या पडवीत राहत आहे. हाफिजाची सासू उचलताना रडली. आता तिला तेथे वारा आवडतो.

सरकारी मिळकतीची नासधूस मी केली आहे. दिवस नागपंचमीचा होता. साक्षीदार पुष्कळ आहेत. त्याबद्दल जी काही शिक्षा असेल ती मला मान्य आहे. मात्र ती देण्यासाठी येणाऱ्या माणसाबरोबर कृपया हुकूमही पाठवावा. म्हणजे एक खेप वाचेल.

आपल्या उत्तरापेक्षा आपल्या माणसांची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
सौ. विजयमाला बाळासो खोत

कोल्हापूर, दि. ९ ऑगस्ट १९७८

सोबत :
१) माझ्या पहिल्या अर्जाची नक्कल. तांबड्या शाईने खोडलेली वाक्ये खोटी आहेत.
२) कणकेच्या पट्ट्या, दोन. एक तडकलेली, एक शाबूत. मुंग्यांपासून जपाव्यात.
३) चिंधी, एक. भिंतीतून पाण्याबरोबर आलेली. धुऊन वाळवून जोडली आहे.

वरील मजकूर आम्हांस वाचून दाखवला, तो बरोबर आहे :
झुंबरबाई (डाव्या हाताचा अंगठा)
नबीलाल मिस्त्री (सही)
हाफिजा मौलाली शिकलगार (सही. या वेळी तिला विचारून घेतली आहे.)